पहिला मोठा सुरा: संगमेश्वरच्या दीड एकराचं प्रकरण

आमच्या ट्रेकिंगच्या ग्रुपमधली एक मुलगी. तिशीतली, पुण्यात नोकरी, सुट्टी मिळाली की गडावर. संगमेश्वर तालुक्यात आजोळची दीड एकर जमीन तिच्या आईच्या नावावर आली. तिथे घर नाही. एक विहीर आहे, थोडे नारळ आहेत, आणि पाऊस संपला की माणसाच्या उंचीचं रान. महिन्यातून एकदा तिथे तंबू टाकून राहायचं आणि हळूहळू जागा साफ करायची, असं तिने ठरवलं. त्यासाठी, आणि एरवीच्या कॅम्पिंगसाठी, एक मोठा, न दुमडणारा सुरा तिला हवा होता. खिशात दहा हजार होते. "दादा, एकदाच घ्यायचाय, चांगला घ्यायचाय," असं म्हणत तिने तीन नावांची यादी पाठवली.

पहिलं नाव केबारच्या सात इंची सुऱ्याचं. अमेरिकन मरीन सैनिकांनी 1942 पासून वापरलेला तो प्रसिद्ध नमुना, चामड्याच्या चकत्या एकावर एक बसवलेल्या मुठीचा. दुसरं त्याच कंपनीच्या बेकर बीके-9चं, पातं नऊ इंची. तिसरी देहरादूनकडची खुकरी, पातं साडेदहा इंचांच्या आसपास. कोयता यादीत नव्हता. कोकणात जमीन असलेल्या माणसाच्या यादीत कोयता नसावा याचं मला नवल वाटलं. विचारलं तर म्हणाली, "आजोबांचा होता, लहानपणी खूपदा धरलाय. माझ्या हातात बसतच नाही तो, घसरतो." तेव्हा मी पुढे काही बोललो नाही. या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्या वाक्यात होती, हे लोहाराकडे गेल्यावर कळलं.

काम काय आहे?

सुऱ्याबद्दल बोलण्याआधी मी तिला एक काम दिलं: गेल्या वर्षभरात बाहेर असताना काय काय कापलं ते आठवून लिही. यादी आली. कांदा, टोमॅटो, मॅगीची पाकिटं, नायलॉनची दोरी, फाटलेल्या तंबूला लावायची चिकटपट्टी, एकदा पायाच्या फोडावरची पट्टी. यातल्या एकाही कामाला चार इंचांपेक्षा लांब पातं लागत नाही. उलट जाड पातं आड येतं. साडेचार-पाच मिलिमीटर जाडीच्या पात्याने कांदा चिरला जात नाही, फुटतो.

मग पुढच्या वर्षाची यादी केली, ती जमिनीची. रानमोडी आणि घाणेरी तोडणं, करवंदीची जाळी मागे सारणं, बांबू चिरणं, शहाळं सोलणं, चुलीसाठी ढलप्या काढणं. हे सगळं घाव घालायचं काम. दोन्ही याद्या समोरासमोर ठेवल्या तर त्यांच्यात सामाईक असं जवळपास काही उरलं नाही. गडावर मोठ्या पात्याला काम नव्हतं आणि जमिनीवर छोट्याला फारसं नव्हतं.

इंटरनेटवरचा बहुतेक सल्ला ज्या जंगलांतून येतो तिथली गोष्ट वेगळी आहे. कॅनडात किंवा स्कँडिनेव्हियात अनेक ठिकाणी पडलेलं लाकूड गोळा करून शेकोटी पेटवायची मुभा असते, थंडी जिवावर बेतणारी असते, आणि ओल्या ओंडक्याच्या पोटातलं कोरडं लाकूड काढायला सुरा लाकडावर ठेवून त्याच्या पाठीवर दांडक्याने ठोकतात. तिथे मोठ्या सुऱ्याला रोजचं काम आहे. लॅपलँडचे सामी लोक बर्चच्या फांद्या तोडायला लेउकू नावाचा लांब, रुंद सुरा बाळगतात. पण तेही बारीक कामाला वेगळी लहान सुरी ठेवतात, एकाच पात्याकडून दोन्ही कामं करून घ्यायचा हट्ट धरत नाहीत. सह्याद्रीत आपण गॅसच्या छोट्या डब्यावर चहा करतो. इथे झाड तोडायचं नसतं आणि आगही लावायची नसते. हे नुसत्या शहाणपणाचं नाही, कायद्याचंही आहे.

कायद्याची बाजू

यावर ग्रुपमध्ये जेवढ्या वावड्या उडतात तेवढ्या कशावर उडत नसतील, म्हणून जरा सविस्तर.

शस्त्र नियम, 2016 च्या पहिल्या अनुसूचीत पाचव्या वर्गात, म्हणजे बंदुकीखेरीजच्या शस्त्रांत, तलवारी, खंजीर, भाले यांच्याबरोबर सुरेही आहेत, आणि त्यात कृपाण व खुकरीचा नावाने उल्लेख आहे. मर्यादा पात्याची: नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती यातून वगळली आहेत. म्हणजे तिच्या यादीतली साडेदहा इंची खुकरी मापाने थेट त्या वर्गाच्या दारात उभी होती, बीके-9 बरोबर उंबऱ्यावर, आणि बाजारात साताठशे रुपयांना मिळणारा, दोघांहून भयंकर दिसणारा कोयता शेतीचं अवजार म्हणून बाहेर. 

पण "शेतीचं अवजार" म्हटलं की सगळीकडे मोकळं रान असंही नाही. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली पोलीस आयुक्त किंवा जिल्हादंडाधिकारी ठरावीक काळासाठी शस्त्रं, सुरे, अगदी लाठ्याकाठ्या बाळगण्यावरही बंदी घालू शकतात. सणासुदीला, निवडणुकीला असे आदेश निघतच असतात. आणि पुण्यात कोयता या शब्दाला गेल्या काही वर्षांत जो वास लागलाय तो कोणाला सांगायला नको. स्वारगेटला एसटीच्या रांगेत सॅकला कोयता अडकवून उभं राहिलात तर "काका, आमची जमीन आहे" हे वाक्य किती जणांना समजावणार?

तिसरी गोष्ट ट्रेकर्सना सगळ्यात जवळची, तरी सगळ्यात कमी माहीत असलेली. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 31 नुसार मुख्य वन्यजीव रक्षकाच्या किंवा अधिकृत अधिकाऱ्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्र घेऊन जाता येत नाही, आणि त्या कायद्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत सुऱ्या येतात. कलम 30 आगीबद्दल आहे. हरिश्चंद्रगड, रतनगड, कळसूबाई हे सगळं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतं. भीमाशंकर अभयारण्य आहे, कोयना आहे. आपल्या आवडत्या मुक्कामांपैकी निम्मे तरी यात जातील. नियम शब्दशः वाचला तर भाजीची सुरीसुद्धा त्यात बसते. चौकीवरचा वनरक्षक डब्यातल्या सुरीकडे आणि कमरेला लटकवलेल्या नऊ इंची पात्याकडे एकाच नजरेने बघणार नाही, हे खरं. तरी माझं मत स्पष्ट आहे: अभयारण्यात जाताना कांदा घरूनच चिरून न्यावा.

एवढं बोलून झाल्यावर "गडावर नेण्यासाठी मोठा सुरा" हा भाग यादीतून आपोआप गळला. उरली जमीन, आणि तीही खाजगी.

हातात धरून पाहणं

मोठं पातं फोटो बघून घेऊ नये. ओळखीच्यांपैकी एकाकडे सात इंची केबार होता, एकाने अमेरिकेहून येताना बीके-9 चेक-इन बॅगेतून आणलेला, तिसऱ्याकडे खुकरी. मुळशीकडच्या एका मित्राच्या शेतावर तिघांना बोलावलं. तिथे गिरिपुष्पाच्या मनगटाएवढ्या फांद्या छाटायच्याच होत्या.

सात इंचीने सगळ्यात निराश केलं. वजन जेमतेम तीनशे ग्रॅम आणि तोल मुठीपाशी, त्यामुळे घाव लाकडावर पडायचा पण आत जायचा नाही, आणि उरलेला हिसका मनगटात यायचा. थोड्या वेळाने ती हात झटकायला लागली. बरं, इतका लांब की टोमॅटो चिरतानाही धड नाही. लढाईसाठी तो उत्तम असेल, पण कॅम्पिंगसाठी पहिला मोठा सुरा म्हणून सात इंची घेणाऱ्याला मी नेहमी थांबवतो. दोन कामांच्या मधल्या फटीत पडणारं माप आहे ते. शिवाय मुठीतलं चामडं. कोकणातल्या जुलैत त्यावर पांढरी बुरशी धरायला आठवडासुद्धा लागणार नाही.

बीके-9 चं वजन पाचशे ग्रॅमच्या जरा खाली, आणि तोल मुठीच्या पुढे. इथे फरक लगेच दिसला. पातं स्वतःच्या वजनाने पडतं, हाताने फक्त दिशा द्यायची. तिरपे दोन-चार घाव, मग उलट्या बाजूने दोन, आणि फांदी हातात. पोलाद पाठीपासून मुठीच्या टोकापर्यंत एकसंध, म्हणजे ज्याला सगळे फुल टँग म्हणतात ते, त्यामुळे पाठीवर ठोकतानाही धास्ती नाही. तिला तो आवडला. मूठ मात्र जाड होती. तिच्या बोटांची टोकं तळव्यापर्यंत पोचत नव्हती, आणि घाम आल्यावर पकड फिरायची. मोठ्या सुऱ्याच्या बाबतीत हे दुय्यम नाही. अर्धा किलो पोलाद वेगाने खाली येत असताना हातात फिरलं तर पुढे मांडी किंवा नडगी असते. म्हणून तोडताना गुडघे टेकून बसावं, लाकूड मांड्यांच्या मध्ये नव्हे तर बाजूला ठेवावं, आणि घावाच्या रेषेत स्वतःचं काहीही नसावं. मांडीच्या आतल्या बाजूची रक्तवाहिनी कापली गेली तर संगमेश्वरहून रुग्णालय गाठेपर्यंत वेळ पुरेलच असं नाही.

खुकरीने तिघांत सगळ्यात खोल घाव घातला. पात्याचं पोट पुढे, वजन पुढे, आणि वाकामुळे मनगट न वळवता धार बरोबर कोनात लागते. पण मुठीच्या मधोमध असलेलं कडं तिच्या तळव्यात रुतत होतं. दुसरं, म्यान. खुकरी उपसताना म्यानाला मूठभर विळखा घालून धरायचं नसतं, कारण धार आतून म्यानाच्या शिवणीला घासत येते आणि शिवण जुनी असेल तर थेट बोटांवर. म्यान पाठीच्या बाजूने धरायचं असतं. ती प्रत्येक वेळी विसरत होती. सवयीने जमलं असतं, पण सवय होईपर्यंतचा काळ मला नको वाटला.

आणि हो, ती डावखुरी आहे. या तिन्ही पात्यांना दोन्ही बाजूंनी सारखा उतार, त्यामुळे कुठल्याही हाताला चालणारी. शेतावर तिला काही वेगळं जाणवलं नाही, मलाही त्याची आठवण झाली नाही.

लोहाराकडे

बीके-9 घ्यायचं जवळजवळ नक्की झालं होतं. तरी जमिनीवर एकदा जाऊन रान बघूया म्हणून आम्ही देवरुखमार्गे गेलो, आणि वाटेत एका लोहाराच्या भट्टीपाशी थांबलो. तिने सहज विचारलं, "काका, आमच्या जमिनीवर रान फार माजलंय, काय घेऊ?"

त्यांनी पहिला प्रश्न केला तो, "हात कुठला?"

तिने डावा हात वर केला. काकांनी भिंतीवरचा एक कोयता काढून तिच्यापुढे धरला आणि पात्यावरून अंगठा फिरवला. डावीकडची बाजू सपाट, उजवीकडे उतार. "ह्यो उजव्याचा. तुमच्या हातात ह्यो घसरणार. तुमचा उलटा करावा लागंल."

बस. लहानपणचा कोयता "हातात बसत नाही" त्याचं कारण एवढंच होतं. एका बाजूने सपाट घासलेलं पातं उजव्या हाताच्या तिरप्या घावासाठी केलेलं असतं. डाव्या हाताने मारलं की उताराची बाजू लाकडाला टेकते आणि पातं आत शिरण्याऐवजी फांदीवरून सरकतं. कोयत्यात खोट नव्हती आणि तिच्यातही नव्हती. कारखान्यातले सुरे तिला बरे वाटत होते ते दोन्हीकडून सारखे घासलेले असल्यामुळे.

मग काकांनी रानाची चौकशी केली. घाणेरी किती, करवंद किती, खाली माती की जांभा. जांभा म्हटल्यावर मान हलवली. दगडावर आपटणारी धार फार कडक नको, कपची उडते. जरा मऊ असली तर वळते, आणि वळलेली धार ऐरणीवर परत सरळ करता येते. बीके-9 ज्याचा असतो त्या 1095 सारख्या कार्बन पोलादाचा सुरा कारखान्यातून कडक करून येतो, धार जास्त दिवस टिकवतो, पण जांभ्यावर आपटून तुकडा उडाला तर तो भाग घासूनच काढावा लागतो, आणि घासायला घरी कानस पुरत नाही.

पोलाद ट्रकच्या कमानपाट्याचं. या पोलादाचा गुण असा की ते चिवट असतं, धक्के खाण्यासाठीच बनलेलं. धोका एकच, जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या भेगा असू शकतात. काकांनी निवडलेला तुकडा आधी ऐरणीवर वाजवून बघितला, आवाज स्वच्छ आला तेव्हाच भट्टीत सारला.

पाणी देणं, म्हणजे तापलेलं पातं एकदम थंड करून धार कडक करणं, मात्र बघण्यासारखं होतं. घडाई आणि कानस झाल्यावर धार इंगळासारखी लाल केली आणि फक्त धारेची बाजू जळक्या ऑइलमध्ये बुडवली. पाठ अजून तापलेलीच. बाहेर काढून दगडाच्या तुकड्याने धारेजवळचा पट्टा भराभर घासून चकचकीत केला आणि थांबले. पाठीतली उष्णता धारेकडे चढायला लागली तसे त्या पट्ट्यावर रंग सरकू लागले: आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा. पिवळा दिसतो तो साधारण सव्वादोनशे अंशांना, निळा तीनशेच्या आसपास. पिवळ्यावर थांबवलं तर धार कडक पण ठिसूळ, निळ्यावर गेलं तर चिवट पण मऊ. काकांनी जांभळ्याला निळी झाक येऊ दिली आणि पातं बादलीत घातलं. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही. थंड झाल्यावर धारेवर कानस फिरवली, ती जराशी लागली, पूर्ण घसरली नाही. पाहिजे होतं तेवढंच.

मूठ तिच्या हातावर मोजून केली, खैराची, तोंडाला लोखंडी कडं. सगळे मिळून आठशे रुपये. पैसे देताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता. दहा हजार खर्च करायची मनाची तयारी करून आलेल्या माणसाला स्वस्तात काम झालं की थोडं फसल्यासारखं वाटतं.

शेवटी काय घेतलं

बीके-9 घेतला नाही. जमिनीसाठी डाव्या हाताचा कोयता. तो तिथेच, शेजारच्यांच्या पडवीत आकडीला टांगलेला असतो. पुणे-संगमेश्वर प्रवास तो करत नाही, त्यामुळे बसस्टँडचा आणि बंदी आदेशांचा प्रश्नच उरला नाही. सॅकसाठी मोरा या स्वीडिश कंपनीची गारबर्ग नावाची सुरी. पातं 109 मिलिमीटर, म्हणजे सव्वाचार इंच, जाडी 3.2, पोलाद स्टेनलेस, फुल टँग, आणि म्यान प्लास्टिकचं घेतलं. सव्वातीन मिलिमीटरही कांद्याला जरा जाडच, पण बांबूच्या कामट्या काढायला हीच जाडी उपयोगी पडते. नुसतं स्वयंपाकाचंच काम असतं तर मी त्याच कंपनीचा याहून कितीतरी स्वस्त कंपॅनियन सांगितला असता.

स्टेनलेसचा आग्रह माझा. कार्बन पोलादाची धार दगडावर पटकन लागते, मला स्वतःला तेच आवडतं, पण कोकणच्या हवेत आणि कैरी-कोकमाच्या आंबटात ते रात्रीतून काळं पडतं, पुसायला विसरलात की तांबडं. कोयत्याला तो गंज चालतो, खोबरेल तेलाचा बोळा फिरवला की झालं. जेवणाला लागणाऱ्या सुरीला नको. चामड्याच्या म्यानात तर कुठलंच पातं पावसाळाभर ठेवू नये. चामडं ओल धरतं, आणि कमावताना वापरलेली रसायनं पात्याला खातात.

जमीन नसती तर तिला मी मोठं पातं घेऊच दिलं नसतं. गारबर्गवर काम भागलं असतं. आणि जमीन असून ती परदेशात असती, जिथे लोहार नाही आणि लाकूड फोडून शेकोटी करायची परवानगी आहे, तर बीके-9 सारखा नऊ इंची सुरा हेच माझं उत्तर असतं, मूठ तेवढी तासून बारीक करून.

एक हंगाम झालाय. कोयता जांभ्यावर दोनदा आपटून धारेला खळगे पडले होते, ते काकांकडे नेऊन शेवटून, म्हणजे धार परत ठोकून, आणले. रानमोडी आणि घाणेरीवर तो सुरेख चालतो. करवंदीच्या जाळीत वाकलेल्या टोकाने फांदी ओढून घेता येते, हात काट्यांत घालावा लागत नाही. सरळ पात्याच्या सुऱ्याला हे जमलंच नसतं.

अडतं एकाच ठिकाणी, वाळलेल्या जाड फांद्यांपाशी. ऐनाची मांडीएवढी पडलेली फांदी तोडायला कोयता तासभर खातो. बीके-9 असता तरी थोडाफार तेवढाच वेळ गेला असता, कारण ते काम मुळात पात्याचं नाही, दातांचं आहे. बाहकोची लॅपलँडर नावाची घडीची करवत येते, पातं साडेसात इंचांचं, वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास. वाचलेल्या पैशांतून ती घ्यायची, की देवरुखच्या बाजारातून साधी चौकटीची करवत घेऊन कोयत्याशेजारी टांगायची, यावर आमचं अजून ठरत नाही. माझं मत चौकटीच्या बाजूने आहे. तिला घडीची हवीय.